काटा उठलाच नाही

कागदावर दोनच ओळी होत्या. 'दिनांक अकरा रोजी शाळेचे वाहन चालवताना तापमानाच्या काट्याकडे माझे दुर्लक्ष झाले व त्यामुळे इंजिनचे नुकसान झाले. पुन्हा असे होणार नाही.' खाली सहीसाठी टिंबांची रांग. संस्थेच्या क्लार्क पुनमताई यांनी तो टाइप केलेला कागद गुंडप्पा मामांपुढं ठेवला आणि सोबत शाईचं पॅडही सरकवलं. मामांनी आधी पॅडकडं पाहिलं, मग ताईंकडं.

"अंगठा घेता का काय?"

"तसं नाही हो मामा. असावं म्हणून ठेवलं."

"सही करतो मी. कानडीत करतो, पण करतो." मामांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि सही न करताच निघाले. दारातून मागं वळून म्हणाले, "काटा उठलाच न्हाई, ताई. जे उठलंच न्हाई त्याच्याकडं दुर्लक्ष कसं करायचं, तेवढं साहेबाला इचारून ठेवा."

ही बातमी मधल्या सुट्टीच्या आत मुखेडच्या आमच्या शाळेत सगळीकडं झाली. मी तिथं विज्ञान शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढाच मी मास्तर, बाकी वेळ कुणीच नाही. प्रयोगशाळेची किल्ली मात्र चोवीस तास माझ्याकडं असते, कारण ती सांभाळायला दुसरं कुणी तयार नाही.

गुंडप्पा मामा आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर. वय त्रेपन्न. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलण्यात तडजोड अजिबात नाही. मूळ गाव देगलूरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या कडेला, त्यामुळं राग आला की पहिला शब्द कानडी निघतो आणि दुसऱ्या शब्दापासून मराठी सुरू होते. आधी दहा वर्षं ते बोअरच्या गाडीवर होते. पाइप उतरवायचे, मोटर सोडायची, आटे आवळायचे. पुढं आमच्या संस्थेनं बस घेतली आणि मामा तिच्यावर बसले. मी पाचवीत असताना त्यांच्याच बसमधून यायचो. खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून त्यांनी मला एकदा अर्धा किलोमीटर चालत आणलं होतं. बस शेजारून माझ्या चालीनं चालवली, पण आत घेतलं नाही. आता मी त्याच शाळेत शिकवतो तर मला 'मास्तर' म्हणतात, पण असं म्हणतात की ऐकणाऱ्याला हसू यावं.

संस्थेचे सचिव अमृतराव. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना नाही ऐकायची सवय नाही. दोन वर्षांमागं त्यांच्या साडूच्या घरी लग्न निघालं. वऱ्हाडासाठी शाळेची बस पाठवा म्हणून निरोप आला. मामांनी बसची किल्ली पुनमताईंच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "शाळेची गाडी हाय, वरातीची न्हाई. न्यायची तर न्या, पण परत येईल तवा मी न्हाई." वऱ्हाड शेवटी टेम्पोत गेलं. अमृतराव त्यावर काही बोलले नाहीत. पण काही न बोलणं हेही आमच्याकडं लक्षात ठेवण्यासारखंच असतं.

तर झालं असं. अकरा तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला मामा पोरं सोडायला निघाले. बसमध्ये सव्वीस लेकरं. देगलूर रोडवर चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडी ओढ देईना, आणि पुढच्या झाकणातून पांढरी वाफ यायला लागली. मामांनी बस कडेला घेतली, सव्वीसच्या सव्वीस लेकरं मोजून एका लिंबाखाली बसवली, त्यांच्या आयांना फोन केले आणि शेवटचं पोर घरी जाईपर्यंत तिथंच उभे राहिले. खालचा पाण्याचा पाइप चिरून रेडिएटर रिकामं झालं होतं. इंजिन इतकं तापलं होतं की त्याचं हेड, म्हणजे वर बसवलेला जाड ठोकळा, वाकलं.

लेकरांना काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी अमृतरावांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो वाजवीच होता.

"गुंडप्पा, पाणी काय एका मिनिटात जात नाही. इंजिन तापलं की डॅशबोर्डवरचा काटा वर चढतो. तू काटा बघत नव्हतास का?"

"बघत होतो."

"मग?"

"काटा खालीच होता साहेब. उठलाच न्हाई."

"इंजिन जळालं, आणि काटा खाली?"

"हाव."

अमृतराव हसले. तिथं बसलेले आणखी दोघं हसले. आमच्याकडं सचिव हसले की हसायचं असतं.

मामांचा एवढाच आग्रह होता की काटा तपासा. तर अमृतरावांनी, खरं सांगायचं तर रीतीला धरून, तपासणी लावली. आता इथं आमच्याकडची एक गंमत सांगायला पाहिजे. गाडी दुरुस्त करणारे आमच्याकडं दोन जातीचे. एक इंजिनवाला, एक इलेक्ट्रिकवाला. इंजिनवाला वायरीला हात लावत नाही आणि इलेक्ट्रिकवाला पाना उचलत नाही. दोघांची दुकानं शेजारी, दोघं एका कपातला चहा अर्धा अर्धा पितात, पण कामाची हद्द म्हणजे हद्द. आणि तापमानाचा सेन्सर नेमका त्या हद्दीवर बसलेला. बोटाच्या दोन पेरांएवढी पितळी वस्तू. तोंड इंजिनच्या पाण्यात, शेपटीला वायर. इंजिनवाला म्हणतो वायर आहे म्हणजे तुझं, इलेक्ट्रिकवाला म्हणतो पाण्यात आहे म्हणजे तुझं.

आधी इलेक्ट्रिकवाला मलप्पा आला. त्यानं सेन्सरची वायर काढली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. डॅशबोर्डवरचा काटा टुणकन उडी मारून पार वर, लाल पट्ट्यात. वायर उचलली की खाली.

"काटा ठणठणीत," मलप्पा म्हणाला. "वायर बी ठणठणीत."

मग इंजिनवाला वैजनाथ मिस्त्री. त्यानं सेन्सर खोलला, शेजारच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणलं आणि माझ्याकडून प्रयोगशाळेचा मीटर मागवला. मीटरची एक चिमटी सेन्सरच्या शेपटीला, एक त्याच्या पितळी अंगाला. गार असताना मीटरवर आकडा मोठा होता. पाण्यात बुडवला तसा आकडा घसरत घसरत दहाव्या हिश्श्यावर आला. असंच व्हायला पाहिजे. तापला की सेन्सर विजेला वाट मोकळी करून देतो, आणि काटा वर जातो. हे मी सातवीला शिकवतो.

"सेन्सर ठणठणीत," वैजनाथ म्हणाला.

दोघांनी आपापल्या दुकानाच्या कागदावर तसं लिहून दिलं. काटा बरोबर, वायर बरोबर, सेन्सर बरोबर. मग उरलं कोण? उरले गुंडप्पा मामा.

"आता काय म्हणतोस?" अमृतरावांनी दोन्ही कागद टेबलावर पसरून विचारलं.

"दोघं बी खरं बोलून राहिले."

"मग तू खोटा."

"इल्ला!" मामा म्हणाले, आणि मग मराठीत, "न्हाई. मी बी खरंच बोलून राहिलो."

"अरे, तिघं खरे कसे असतील?"

"ते मला ठाव न्हाई साहेब. पण माझ्यापुरतं ठाव हाय."

अमृतरावांनी मग वाट काढली. त्यांच्या मते ती मोठ्या मनाची वाट होती. दोन ओळी लिहून दे, काट्याकडं लक्ष नव्हतं म्हण, विषय संपला. नोकरी चालू. सोमवारी कमिटीची बैठक आहे, तोवर सही आली नाही तर किल्ली जमा करायची. मामांची नेमणूक अकरा महिन्यांची, दरवर्षी नवी होते. ती नव्यानं न करायला कारणसुद्धा लागत नाही. इथं तर कारण टाइप होऊन तयार होतं.

शनिवारी संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. समजवायला गेलो होतो, हे कबूल करतो. शांतम्मा मामी दारातच ज्वारी निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ह्यांना समजवायला आलास का?"

"हो मामी."

"बस मग. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मी अजून समजवूनच राहिले. तुझा नंबर माझ्या मागं."

मामा आत खाटेवर बसून होते. मी म्हणालो, "मामा, दोन ओळी आहेत. कोण वाचणार त्या? फायलीत जातील, फाइल कपाटात जाईल, कपाटात उंदीर आहेत. सही करून टाका."

"मास्तर, एक सांग. काटा न बघणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत तू तुझं लेकरू बसवशील का?"

"मला कुठं लेकरू आहे? लग्नच जमेना."

"तेच म्हणून राहिलो, तुला कसं कळंल." मग म्हणाले, "त्या दिवशी एकेक आई आली. कुणी मला शिवी दिली न्हाई. उलट पाणी दिलं मला. का दिलं? कारण गुंडप्पानं बघून गाडी थांबवली, असं त्यांना वाटतंय. आता मी लिहून द्यायचं की, बाई, मी बघतच नव्हतो. तुझी पोरगी पाठीमागं बसलेली, आणि मी समोर बघत होतो का झाडावरचे कावळे बघत होतो, देव जाणे. अन् तेच मी पुन्हा सोमवारपासून तिला न्यायला जाणार. तोंड कुठलं घेऊन जाऊ?"

"पण नोकरी गेली तर?"

बाहेरून मामींचा आवाज आला. "गेली तर बोअरच्या गाडीवर जातील. तिथं काटा नसतो, भांडायला कुणी बी नसतं."

मामा पहिल्यांदा हसले. सही केली नाही ती नाहीच. मीही विषय काढायचा सोडून दिला, कारण तोवर माझ्या डोक्यात तिघं खरे कसे, हेच घोळायला लागलं होतं.

रविवारी सकाळी वैजनाथनं फोन केला की बस तयार आहे. नवं हेड बसवलं, पाइप बदलला, पाणी भरलं. मामा म्हणाले, चल, चालू करून बघू. मी मीटर पिशवीत टाकून सोबत गेलो. वैजनाथचं गॅरेज बसस्टँडच्या मागं, एका बाजूला पत्र्याचं शेड, दुसऱ्या बाजूला मलप्पाचं दुकान.

मामांनी इंजिन चालू केलं आणि सीटवर बसून राहिले. हात मांडीवर, डोळे काट्यावर. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. वैजनाथ वरच्या पाइपाला हात लावून चटकन मागं घेऊन म्हणाला, "तापलं. चांगलं तापलं. बंद करा आता."

"काटा," मामा म्हणाले.

आम्ही दोघं खिडकीतून आत वाकलो. काटा अगदी खाली, बर्फात ठेवल्यासारखा निवांत पडलेला.

"मलप्पाला सांगा. वायरीचं काम हाय," वैजनाथ म्हणाला.

मलप्पा आला. वायर काढली, लोखंडाला टेकवली. काटा टुणकन वर. वायर परत सेन्सरला जोडली. काटा खाली. "माझं काम चोख हाय. इंजिनवाल्याला इचारा."

"मी परवा उकळून बघितला की सेन्सर! मास्तर साक्षीला होते."

"मग परत उकळ. चहापत्ती टाकून बघ."

दोघांची जुंपली. मामांनी दरवाजा उघडला, खाली उतरले आणि दोघांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "गप्प बसा दोघं बी. आज मी इथून हलणार न्हाई. जेवायला बी जाणार न्हाई. तुमचं खरं, तुमचं बी खरं, आणि काटा खाली. मग खोटं ह्या दोघांच्या मधी कुठंतरी हाय. मला ते दाखवा." मग माझ्याकडं वळले. "मास्तर, एक सांग. घरच्या दिव्याला दोन वायरी असतात. ह्याला एकच का?"

इतका सोपा प्रश्न होता, आणि तो विचारायला आम्ही तीन शिकलेसवरले थांबलो होतो. मी म्हणालो, "वीज एका वायरीनं येते मामा, आणि परत जायला तिला वाट लागते. इथं परतीची वायर नाही. सेन्सरच्या पितळी अंगावरून, आट्यांतून, ती इंजिनच्या लोखंडात उतरते आणि तिथून बॅटरीला जाते. लोखंड हीच दुसरी वायर."

"म्हणजे आटे लोखंडाला टेकले पायजेत."

"टेकलेलेच असतात. आटे आवळलेत म्हटल्यावर..."

मी बोलता बोलता थांबलो, कारण मामांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते सेन्सरकडं बघत होते. सेन्सरच्या बुडाशी, जिथं तो इंजिनमध्ये शिरतो, तिथं पांढरा थर होता. सफेदा. आणि सफेद्यातून डोकावणारं दोऱ्याचं टोक.

आता हे वाचणाऱ्या शहरातल्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्या भागात आट्याची कुठलीही वस्तू बसवायची म्हणजे आधी तिला दोरा गुंडाळायचा आणि वरून सफेदा चोपडायचा. नळाची तोटी, बोअरचा पाइप, टाकीचा कॉक. थेंब गळता कामा नये. पाण्याला आमच्याकडं जी किंमत आहे, तिच्यामुळं ही सवय हाताला लागते आणि मग हात विचारत नाही. परवाच्या उकळण्याच्या वेळीही दोरा होता. वैजनाथनं सेन्सर दोऱ्यासकट पाण्यात बुडवला होता, चिमटी वरच्या उघड्या पितळेला लावली होती, आणि परत बसवताना स्वतःच्या हातचे चार वेढे आणखी चढवले होते. मी शेजारी मीटर धरून उभा होतो. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. नळाला दोरा दिसला तर कुणी दचकतं का?

मी मीटर काढला. एक टोक सेन्सरच्या पितळेला, दुसरं इंजिनला. वाट जुळलेली असली की हा मीटर पीं करून ओरडतो. ओरडला नाही. दोऱ्यानं आणि सफेद्यानं आटे लोखंडाला टेकूच दिले नव्हते. मामांनी मलप्पाच्या हातातला वायरीचा तुकडा घेतला, एक टोक पितळेवर दाबलं आणि दुसरं इंजिनवर.

"वैजनाथ, आत बघ."

वैजनाथ खिडकीत वाकला. "उठला," तो म्हणाला. "मामा, उठला! मधोमध आला!"

मी टाळी वाजवली. मलप्पानं शिट्टी मारली. काटा बरोबर, सेन्सर बरोबर, वायर बरोबर, आणि मामाही बरोबर. चौघं खरे. मधला दोरा खोटा. मामांचा चेहरा मात्र आनंदाचा नव्हता. त्यांनी वायर खाली सोडली आणि पायरीवर बसले.

मला तेव्हा आठवलं. दिवाळीनंतर सेन्सरच्या बुडातून थेंब थेंब पाणी गळत होतं. मामांनी ते स्वतः बंद केलं होतं, बोअरवरच्या हातानं, झकास. आणि त्यानंतर तीन-चार महिने मला रोज ऐकवत होते, "बघ मास्तर, पाणी गळायचं थांबलं तशी गाडी कशी थंड चालून राहिली. काटा उठतच न्हाई." मी कौतुकानं मान डोलवायचो. विज्ञानाचा मास्तर!

वैजनाथनं पांढरी बोटं पायजम्याला पुसली. "कुणाला बोलू नका," तो हळूच म्हणाला. "माझेच वेढे असतील. दोरा काढून टाकतो, तांब्याचं वायसर टाकून बसवतो. अन् सेन्सर खराब होता म्हणून लिहून देतो. जुना फेकला, नवा टाकला. खलास."

"हाव, मी बी लिहून देतो," मलप्पा म्हणाला. त्या दोघांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "मामा सुटले, आपण सुटलो, सेन्सरची काय बदनामी व्हायची?"

मलाही ते पटलं होतं. इतकं पटलं होतं की सोमवारी काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवायलाही लागलो होतो.

"दोऱ्याला हात लावायचा न्हाई," मामा म्हणाले.

"अहो पण..."

"साहेब खोटं लिही म्हणाले, ते लिहिलं न्हाई. आता तुम्ही दुसरं खोटं घेऊन आलात, जरा गोड. ते का म्हणून लिहू?" ते उठले. "गाडी अशीच जाईल. दोऱ्यासकट."

आणि तशीच गेली. सोमवारी अकरा वाजता बस शाळेच्या मैदानात, बैठकीच्या खोलीसमोर उभी. इंजिन चालू. अमृतराव बाहेर आले ते चिडूनच.

"काय तमाशा आहे हा? सही आणलीस का?"

"आणतो साहेब. आधी जरा बसा." मामांनी ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडून धरला. "सीटवर बसा. काटा बघा. दुर्लक्ष करू नका."

मागं उभ्या असलेल्या पुनमताईंनी पदरानं तोंड दाबलं. कमिटीचे बाकीचे चार जण सावलीला सरकले. अमृतराव चढून बसले; न बसते तर घाबरले असं दिसलं असतं. ऊन डोक्यावर, पुढून इंजिनची धग. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. साहेबांच्या सदऱ्याच्या काखा ओल्या झाल्या.

"काटा काय म्हणतो?"

"खाली आहे."

"म्हणजे इंजिन गार हाय?"

"असणार."

"मग उतरा, आणि ह्या पाइपाला हात लावा. जपून. भाजंल."

साहेबांनी बोट लावलं आणि "आई गं" म्हणून तोंडात घातलं. सचिव झाल्यापासून त्यांनी जाहीरपणे एवढं खरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

मग मामांनी मला खूण केली. मी वायरीचा तुकडा पितळेवर आणि इंजिनवर दाबून धरला. अमृतराव परत आत वाकले, आणि काटा त्यांच्या डोळ्यांदेखत खालून उठून मधोमध येऊन उभा राहिला. मी वायर उचलली, पडला. दाबली, उठला. साहेबांनी तीन वेळा करायला लावलं. तिसऱ्या वेळी राग कमी आणि कुतूहल जास्त होतं.

"म्हणजे त्या दिवशी काटा खरंच..."

"उठला न्हाई साहेब."

अमृतरावांनी वाकून सेन्सरकडं पाहिलं. "हा दोरा कुणाचा उद्योग?"

वैजनाथ मुद्दाम आला होता. त्यानं तोंड उघडलं, पण मामांनी त्याला बोलूच दिलं नाही.

"माझा. दिवाळीनंतर म्या गुंडाळला. वैजनाथचे वेढे वरचे, तपासणीच्या वेळचे. खालचे माझे. त्याच्यामुळंच काटा मेला, अन् त्याच्यामुळंच हेड गेलं."

कमिटीतले एक जण म्हणाले, "म्हणजे चूक याचीच की हो!"

अमृतरावांचा चेहरा खुलला. "बघ गुंडप्पा. शेवटी तेच. एवढा घोळ कशाला घातलास? पहिल्याच दिवशी सही केली असतीस तर?"

"ते न्हाई साहेब." मामांनी खिशातला कागद काढला. घडीवर घामाचा डाग पडला होता. "ह्यात लिहिलंय, मी बघत नव्हतो. मी बघत होतो. रोज बघत होतो. जे दिसायला पायजे ते दिसत न्हाई हे मला कळलं न्हाई, ती माझी चूक. ह्या कागदात मी आंधळा हाय. खरं तर मी अडाणी हाय. अडाण्याला शिकवता येतं. आंधळ्याच्या गाडीत लेकरं बसवत न्हाईत." आणि कागदाचे दोन तुकडे करून त्यांनी ते पुनमताईंच्या हातात दिले. "शिक्षा द्या. कमी बी करू नका. पण गुन्हा बदलून द्या."

बैठक तासभर चालली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण मध्ये एकदा दोन आया फाटकाशी येऊन, बस उद्यापासून सुरू होणार का, आणि गुंडप्पाच आणणार ना, एवढं विचारून गेल्या, आणि पुनमताईंनी ते मुद्दाम आत जाऊन सांगितलं. शेवटी ठरलं ते असं. नेमणूक राहील. पंधरा दिवस स्टिअरिंग नाही, त्याऐवजी फाटकावर बसायचं. बसवर तोवर अमृतरावांचा भाचा रविकिरण.

आदेश टाइप झाला. मामांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि परत दिला.

"ताई, इथं 'निष्काळजीपणा' लिहिलंय."

"मग काय लिहू? नियमात तेवढाच शब्द आहे मामा. दोरा गुंडाळण्याचा गुन्हा नियमात नाही."

"मग नियमात नसलेलं लिहा. मी थांबतो."

पुनमताई आत गेल्या, बाहेर आल्या, परत आत गेल्या. आतून अमृतरावांचा आवाज आला, "लिही बाई, काय म्हणतो ते लिही, मला जेवायचंय!" आणि म्हणून आमच्या संस्थेच्या फायलीत आज एक आदेश आहे, जावक क्रमांकासह, की शाळेच्या वाहनाच्या तापमान सेन्सरच्या आट्यांना दोरा व सफेदा लावल्याबद्दल श्री. गुंडप्पा यांना पंधरा दिवस वाहन चालवण्यापासून दूर ठेवण्यात येत आहे. त्याखाली कानडीत सही आहे. ठळक, टिंबांच्या बाहेर गेलेली. त्याच संध्याकाळी वैजनाथनं दोरा काढून सेन्सर नुसत्या तांब्याच्या वायसरवर बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी फाटकाशी पोचलो तेव्हा बस आतल्या बाजूला हॉर्न वाजवत उभी होती आणि फाटक बंद होतं. मामा स्टुलावर बसलेले, मांडीवर किल्ल्या.

"मामा, उघडा की! पोरं वाट बघून राहिलेत," रविकिरण खिडकीतून ओरडला.

"काटा कुठंय?"

"आता तर चालू केली गाडी!"

"मग थांब. पाच मिनटं चालू दे. उठला की सांग."

"आणि नाही उठला तर?"

"तर उतर खाली," मामा म्हणाले, आणि किल्ल्या दुसऱ्या मांडीवर ठेवल्या.